बुधवारचा टँकर

रचलेल्या लाकडांच्या थप्पीआड नेवेंका दबून बसली होती. पंधरा पावलांवर, तिच्याच आईच्या घरामागे, योसोचा टँकर उभा होता. त्यातून निघालेला जाड काळा पाइप गवतावरून सरपटत संडासाच्या जुन्या खड्ड्यात उतरला होता. पंप धडधडत होता. वासावरूनच कळत होतं, टँकरमध्ये दूध नव्हतं.

अखेर सापडला, तिच्या मनात आलं.

गेल्या वर्षीपासून खालच्या एका तळ्याचा बांध आजारी पडला होता. इथल्या पाण्यातला चुना शेवाळावर बसतो, शेवाळाचा दगड होतो आणि त्या दगडानेच तळी अडवून धरली आहेत. वर्षाकाठी नखाएवढा दगड वाढतो. त्या बांधावर आता बुळबुळीत घाण धरली होती आणि दगड वाढायचा थांबला होता. झाग्रेबच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला: पाण्यात संडासाचं पाणी मिसळतंय, वरच्या वाडीतून.

वाडीत घरं सातच. पण तळ्यांच्या या राष्ट्रीय उद्यानात एकोणीस वर्षं रक्षक म्हणून काढलेल्या नेवेंकाला सातही दारं ठोठावायची गरज वाटली नाही. योसो जर्मनीत गवंडीकाम करून परतला होता आणि बापाच्या घराच्या जागी त्याने बारा खोल्यांचं लॉज उठवलं होतं. बारा खोल्या, बारा संडास, उन्हाळाभर प्रवाशांची रीघ. मैला आपण टँकरने शहरातल्या केंद्रात नेऊन देतो, असं तो सांगे. नेवेंकाने त्याच्या मैल्याच्या टाकीत हिरवा रंग ओतायला लावला. इथल्या चुनखडीच्या पोटात पाण्याला वाटाच वाटा. टाकी गळत असती, तर रंग तळ्यात उतरलाच असता. ती दहा दिवस बांधावर जाऊन बघत राहिली. पाणी निळंच.

"अकराव्या दिवशीही ये," योसो हसून म्हणाला होता. "कॉफी पाजतो."

त्या हसण्याने तिचा संशय पक्का झाला. टाकी गळत नाही, म्हणजे हा मैला दुसरीकडे कुठेतरी ओततोय. मग रविवारी त्याच वाडीत आईकडे गेली असताना तिला मागच्या अंगणात जाड चाकांचे वण दिसले. आईला विचारलं, तर म्हणाली, "लाकूडवाला आला असेल." नवं लाकूड कुठेच नव्हतं. बुधवारी नेवेंकाची पाळी वरच्या तळ्यांवर असते, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. आज तिने पाळी बदलून घेतली होती.

ती उठून पुढे आली. "बंद करा ते, काका."

योसो दचकला, पण पंप त्याने चालूच ठेवला. "तू आज इथे कशी?"

"स्वतःच्या बारा संडासांची घाण म्हातारीच्या खड्ड्यात ओतता? तिला डोळ्यांनी धड दिसत नाही म्हणून?"

 योसोने टँकरच्या अंगावरच्या काचेच्या नळीवर बोट टेकवलं. "पातळी बघ. वर चढतेय की खाली?"

चढत होती. नेवेंकाने दोनदा बघितलं.

"ओतत नाही गं, उपसतोय. तुमच्या खड्ड्याचा तळ फुटलाय. वर्ष झालं, दर बुधवारी येतो. तरी थोडं झिरपतंच."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

योसोने मागच्या दाराकडे बघितलं. येला, तिची आई, काठी टेकत उंबऱ्यावर येऊन उभी राहिली होती. डोक्याला काळा रुमाल, हात पिठाचे. किती वेळची ऐकत होती कोण जाणे.

"मी म्हणत होतो, पोरीला सांग," योसो खालच्या आवाजात म्हणाला. "पोटची पोर आहे, सांभाळून घेईल. पण ही ऐकेल तर ना."

नेवेंकाने खिशातून पंचनाम्याचा कागद काढला. योसोचं नाव, घर नंबर, सगळं तिने सकाळीच लिहून आणलं होतं. तिने कागद टँकरच्या दारावर टेकवला आणि योसोच्या नावावर आडवी रेघ मारली.

"नेवा, थांब," योसो म्हणाला. "घराला सील लागेल. नव्या टाकीची परवानगी मिळायला दोन वर्षं जातात. शहाऐंशी वर्षांची बाई कुठे जाईल?"

 कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं.  रेघेच्या वर तिने आईचं नाव लिहिलं, ज्या घरात ती स्वतः जन्मली त्याचा नंबर लिहिला आणि सही केली. मग तिने मान वर केली.

येला काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ उभी होती.

"बघितलंस, योसो?" ती म्हणाली. "सांगत होते ना तुला, माझी पोर लिहील म्हणून."