कोणाचा चाप हलका

चौऱ्यांशीच्या उन्हाळ्यात वत्सलाबाईच्या सुखदेवची वरात पहिल्यांदाच पाटलाच्या आळीत शिरली. बौद्धांचा नवरदेव घोडीवर बसून दारापुढून जाणार, हेच गुणवंता पाटलाला सहन होत नव्हतं. तो आणि त्याचा साळा दौलत आपापली लायसनची पिस्तुलं मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते. लोधीखेड्याहून आणलेला बँड भीतीनं थांबला, तशी दोघं बाजारात बैल पारखावा तशी पिस्तुलं पारखू लागले, तेही मुद्दाम मोठ्यानं.

"भाऊजी, माह्या पिस्तुलाचा चाप पयल्या गोळीले लय जड जाते. पुरा जोर लावा लागते."

"म्हनून तं माह्यं चांगलं, दौलत. अंगठ्यानं मागचा खटका ओढून ठेवला का चाप एकदम हलका. नुसतं बोट लागलं का गोळी नवरदेवात."

वत्सलाबाईनं घोडीचा लगाम आपल्या हातात घेतला आणि ती सरळ ओट्यासमोर येऊन उभी राहिली.

"ओढला ना खटका, पाटील? मंग बोलून काय राह्यले? दाबा. पयले मले मारा, मंग पोराले."

पाटलाचं बोट चापावरून बाजूला सरकलं. साळ्याचंही.

ती बँडवाल्यावर खेकसली, "वाजव ना बे! तोंड काय पाहून राह्यला?"

वरात वाजतगाजत आळीतून निघून गेली.



दोघं अजून गावभर सांगत फिरतात, ऐन वेळी चाप अडकला. दोन्ही पिस्तुलांचा, एकदमच.