एवढा डाव
बंटी वारला त्याला वर्ष झालं. त्याचा व्हिडिओगेम जळाला, पण जॉयस्टिक शाबूत होती. बहीण अर्पिता ती दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमधून भंगारात आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडत होती. पिन बसत होती, आतल्या तारा जुळत नव्हत्या. दांडी दाबून तिनं मीटरनं एकेक तार शोधली, सोल्डरिंगचा डाग देऊन जोडली आणि रेसचा गेम लावला. दांडीला कुणाचा हात नव्हता, तरी गाडी गोल रस्त्यावर डावीकडे वळत एकटीच फिरू लागली. बंटीच्या जोरानं दांडी कायमची तिकडे कलली होती. "आई, रबर गेलं, बदलावं लागते," म्हणत अर्पितानं बंद करायला भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला. बंटी खेळताना आई रोज ओरडत तेच बटण बंद करायची. "एवढा डाव खेळू दे मले!" तो विनवायचा. आईनं तिचा हात धरला. "थांब वं, एवढा डाव खेळू दे त्याले."