वीस युरोंचा धनको

"लग्न हे कारण चालत नाही," खिडकीमागची कारकून बाई, फ्राउ हेसलर, म्हणाली आणि तिने अर्ज काचेखालून परत सरकवला.

भास्कर फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नहून दोन गाड्या बदलून या कोर्टात आला होता. पुण्याहून थोरल्या भावाने, सुधीरने, फोनवर स्थळ कळवलं होतं. मुलगा सिद्धेश, ब्योब्लिंगेनला मोटारींच्या कंपनीत इंजिनियर, निर्व्यसनी. मुलगी सुधीरची ज्ञानदा, चार वर्षं जर्मनीतच पीएचडी करणारी. तिला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "भास्करकाका सांगेल तसं." हल्लीच्या मुलीच्या तोंडून हे ऐकून सगळं घर गहिवरलं होतं.

भास्कर मात्र धास्तावला होता. धाकट्या बहिणीच्या, सरिताच्या वेळी त्याने मुलाशी एकदा हात मिळवून होकार कळवला होता. सरिता आठ महिन्यांत बॅग घेऊन परत आली. ती गोष्ट त्याला आजही खात होती. म्हणून या वेळी त्याने सिद्धेशचे शेजारी गाठले, सहकारी गाठले, मराठी मंडळाचा खजिनदारही सोडला नाही. सगळे चांगलंच बोलले. काही राहायला नको म्हणून शेवटी त्याने इंटरनेटवर दिवाळखोरांची सरकारी यादी उघडली, आणि तिथे सिद्धेश होता. नाव, जन्मतारीख, पत्ता, प्रकरण क्रमांक. दिवाळं पाच वर्षांपूर्वीचं. कशामुळे, ते फक्त कोर्टातल्या फायलीत.

"फाइल आम्ही धनकोलाच दाखवतो," फ्राउ हेसलर म्हणाली. "त्याच्याकडे तुमचं काही येणं आहे?"

"येणं नाही. आम्हाला मुलगी द्यायची आहे."

"दिलीत?"

"अजून नाही."

"मग लग्न झाल्यावर या. तेव्हा विचार करता येईल."

"लग्न झाल्यावर कळून काय उपयोग?"

"गेनाऊ," फ्राउ हेसलर म्हणाली. अगदी बरोबर आहे तुमचं, अशा सुरात. आणि तिने पुढच्या माणसाला बोलावलं.

परतीच्या गाडीत भास्करला मार्ग सुचला. येणं नसेल तर निर्माण करावं. त्यात काय मोठंसं!

पुढच्या शनिवारी त्याने सिद्धेशला फ्रँकफर्टला कॉफीला बोलावलं. मुलगा वेळेवर आला, वाकून नमस्कार केला, विचारलं तेवढंच बोलला. बिल आलं तसा भास्कर पुढे झुकला.

"तुझ्याकडे सुटे नसतील ना?"

"आहेत की, काका."

"नसतील. नीट बघ."

सिद्धेशने खिशात हात घातला, भास्करच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात तसाच बाहेर काढला. "नाहीत," तो म्हणाला.

भास्करने वीस युरोंची नोट त्याच्यापुढे ठेवली. व्यवहाराला व्यवहार हवा, एक चिठ्ठी लिहून दे, असं म्हणताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिद्धेशला मात्र काहीच वाटलेलं दिसलं नाही. त्याने रक्कम लिहिली, तारीख घातली, सही केली. कोपऱ्यात कोर्टाचा प्रकरण क्रमांकही घातला, तोही कुठे न बघता.

"मुदत काय लिहू, काका?"

"लिही, महिना."

सोमवारी भास्कर पुन्हा काचेसमोर उभा राहिला. फ्राउ हेसलरने चिठ्ठी उलटसुलट पाहिली, तिच्यावर शिक्का मारला आणि कोर्टाच्या वतीने त्याचं धनको म्हणून स्वागत केलं. दोन मिनिटांत फाइल टेबलावर आली.

भास्करने ती चष्मा पुसून वाचायला घेतली. तिघा मित्रांनी मिळून गॅरेजसाठी सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी काढली होती. बँकेच्या कागदांवर तिघांच्या सह्या होत्या. कंपनी बुडाली तेव्हा दोघे विमानात बसून मायदेशी गेले. सिद्धेश राहिला. सहा वर्षं पगारातला ठरलेला भाग कोर्टाच्या माणसाकडे भरायचा, मग सुटका. पाच वर्षांत एकही हप्ता चुकला नव्हता. त्यालाही विमानात बसता आलं असतं, हे भास्करच्या लक्षात आलं आणि त्याला भडभडून आलं. इतकी चौकशी केली, याची लाज वाटली. पुण्याला काय सांगायचं ते त्याचं तिथल्या तिथे ठरलं.

तो फाइल मिटणार, तेवढ्यात फ्राउ हेसलरने शेवटचा लिफाफा उघडला.

"आल्झो, तर आता तुम्ही आम्हाला मदत करा. हा गृहस्थ प्रत्येक नवं कर्ज इमानदारीत कळवतो. तुमच्याआधीचे हे तीन धनको."

तिन्ही चिठ्ठ्या वीस-वीस युरोंच्या होत्या. पहिली कुणा मुलीच्या वडिलांची, दुसरी कुणा मुलीच्या मामांची. दोघांनी फाइल पाहिली होती, दोघांनी नकार कळवला होता, आणि दोघांचे पैसे मुदतीत परत केल्याच्या, नकाराचीही नोंद असलेल्या पावत्या सोबत जोडलेल्या होत्या. तिसरीला पावती नव्हती.

"हिच्यात मुदतीच्या जागी काय लिहिलंय, ते आमच्या इथे कुणालाच वाचता येत नाही," फ्राउ हेसलर म्हणाली. "त्यामुळे दोन वर्षं माझा रकाना रिकामा आहे. हे तुमच्या भाषेत आहे का?"

भास्करने चिठ्ठी जवळ घेतली. धनको म्हणून खाली ज्ञानदाची सही होती. तारीख दोन वर्षांपूर्वीची. आणि मुदतीच्या जागी तिच्याच किरट्या अक्षरात लिहिलं होतं:

"घाई नाही. तू तुझी वर्षं भरत आण. घरी सांगायची वेळ आली, की भास्करकाकाला इथे पाठवते."