मण्यार चावली तेव्हा

“डोळे उघडा ना, आत्या,” कुंदा सासूला विनवत होती. पण सासूच्या पापण्या वर होईनात. पहाटेपासून त्यांचं पोट दुखत होतं. अंगावर जखम कुठेच नव्हती.

गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लगेच ओळखलं. “जमिनीवर झोपल्या होत्या ना? मण्यार चावलीय. तिचे दात इतके बारीक असतात, की झोपलेल्याला कळतही नाही.” त्यांनी विषावरचं इंजेक्शन दिलं, तरी थोड्याच वेळात सासूचा श्वास थांबला. व्हेंटिलेटर जिल्ह्याच्या गावी होता, दीड तासावर.

ॲम्ब्युलन्समध्ये नर्सने दोन्ही हातांनी मास्क सासूच्या तोंडावर घट्ट धरला आणि हवेची रबरी पिशवी कुंदाच्या हातात दिली. “दाबत राहा. थांबू नका.”

अर्ध्या वाटेत नणंद रडत म्हणाली, “सोड आता, वहिनी. आई गेली गं.”

“गेल्या नाहीत,” नर्स म्हणाली. “नाडी चालू आहे. हलता येत नसलं, तरी त्यांना ऐकू येत असेल.”

मुलाने आपल्या मनाने लग्न केलं म्हणून सासू दोन वर्षं कुंदाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. कुंदाची बोटं आखडली, पण ती पिशवी दाबतच राहिली. त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, “रागवा हवं तर जन्मभर. मी काही तुम्हाला सोडणार नाही.”

चौथ्या दिवशी सासूच्या घशातली नळी काढली. त्यांनी कुंदाला हाताने जवळ बोलावलं.

“पोरी,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “जेवलीस का काही?”