यादीतलं पहिलं नाव

“बाबा, कामावरून कुणाला काढायचं, हे तुम्ही ठरवता तरी कसं हो?” मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून तिनं जेवता जेवता विचारून टाकलं. बाबा कंपनीत माणसं नेमायचे; मंदी आल्यापासून नुसती काढत होते. काल तिच्या जिवलग मैत्रिणीच्या वडिलांचा नंबर लागला होता.

“त्यात काय ठरवायचंय? भांडकुदळ माणसाला हात लावला की डोक्याला ताप. तुझ्या मैत्रिणीचे वडील म्हणजे गरीब गाय. बारा वर्षांत कधी तोंड वर करून बोलले नाहीत. काल पत्र हातात दिलं, तर मलाच थँक्यू म्हणाले!”

“किती गुणी माणूस!” आई हळहळली. “शीक काहीतरी त्यांच्याकडून, कार्टे.”

तिनं ताट बाजूला सारलं.



“शिकले ना, आई. आजपासून मी प्रत्येक गोष्टीवर भांडणार. आणि बाबा, सुरुवात तुमच्यापासून.”