ओठाचा डावा कोपरा

ओठाचा डावा कोपरा पुन्हा खाली आला होता.

चित्रकाराने पट्टी लावून पाहिली. दोन मिलिमीटर. मागच्या रविवारी त्याने हाच कोपरा खरवडून वर घेतला होता. त्याच्या आदल्या रविवारीही. मोठी बहीण या चित्रासाठी समोर बैठक देऊन घरी गेली की तो चित्र उलटे टांगायचा, चुका वहीत लिहायचा आणि उजेड आहे तोवर दुरुस्त करायचा. वीस वर्षांची सवय. एकदा वहीत गेलेली चूक चित्रात परत यायची नाही. ही पाचव्यांदा आली होती.

पहिला संशय शिल्पकारावर गेला. कामाची खोली दोघांची, किल्ल्या दोन, आणि शुक्रवारी प्रदर्शनाची निवड समिती दोघांचेही काम पाहणार होती. म्हणून आठवड्यापूर्वी त्याने चित्रावरच्या फडक्याला बारीक दोरा बांधला होता. आज सकाळी दोरा शाबूत होता. म्हणजे कोपरा बैठक चालू असतानाच खाली येत होता. त्याच्याच हातून.

त्याने कोऱ्या कागदावर सरळ रेघा ओढून पाहिल्या. हात थरथरत नव्हता, पण रेघांवर आता त्याचा विश्वास बसेना. हे चित्र शुक्रवारी गेले नाही तर एक संधी जाईल. हातच गेला असेल तर पुढचे कुठलेच चित्र जाणार नाही. बहिणीवर शंका घ्यायचा प्रश्नच नव्हता, ती दगडासारखी स्थिर बसायची. शिवाय समोर बसणाऱ्याला दोष देणाऱ्यांना त्याचे गुरुजी एकच सुनवायचे, नाचता येईना, अंगण वाकडे.

तो पुन्हा पट्टी लावत असताना शिल्पकार आला आणि त्याने उघडी वही वाचली. एकच चूक पाच वेळा इतकी मापात करायला हुशारी लागते, ती तुझ्यात नाही, असे म्हणून तो हसला. मग पट्टी काढून घेत म्हणाला, “तू चुका मोजतोस आणि पुसतोस. ही आली कुठून, ते कधी विचारलंस? या वेळी पुसू नकोस. ताईंनाच दाखव.”

चित्रकाराला यात डाव दिसला. शुक्रवार तोंडावर आलेला, आणि वाकडे चित्र तसेच ठेवण्यात सोय कोणाची? तो रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. पण दुसरा उपाय सुचेना. त्याने कोपऱ्याला हात लावला नाही.

बुधवारी बहीण आली. एरवी चित्र पाहिले की ती नाकावरून, नाहीतर हनुवटीवरून त्याची फिरकी घ्यायची. आज ती वाकून चित्रातल्या ओठाकडेच पाहत राहिली. त्याने आधीच कबुली दिली, की तोंड बिघडले आहे, हात पूर्वीचा राहिलेला नाही, शुक्रवारच्या आत नीट करतो.

बहिणीने पर्समधून रुमाल काढला आणि स्वतःच्या ओठाच्या कडेला टिपला.

“हाताला काही झालेलं नाही तुझ्या,” ती म्हणाली. “चित्र होईपर्यंत बोलणार नव्हते. महिना झाला, चूळ भरली की पाणी याच बाजूने गळतं.”