जागा मोकळी करणारं ॲप

टॅबलेटवर कुठलं ॲप घ्यावं, हे मी दर रविवारी आमच्या रोह्याच्या ग्रुपवर लिहितो. गेल्या महिन्यात जुन्या फायली पुसून जागा मोकळी करणाऱ्या एका ॲपला मी पाच तारे दिले. खाली 'डोळे झाकून घ्या' असंही लिहिलं.

काल शेजारच्या अष्टमी गावातल्या अजीजाभाभी टॅब घेऊन घरी आल्या. त्यांचे मिस्टर कमरुद्दीन कुवेतला कामाला होते, दोन वर्षांपूर्वी तिकडेच वारले. त्यांचे जुने व्हॉइस मेसेज भाभी रोज सकाळी चहा करताना लावायच्या. 'जेवलीस काय गो?' एवढंच असायचं बहुतेकांत. त्या ॲपने ते सगळे पुसून टाकले होते.

मी तासभर खटपट केली. एकही मेसेज परत आला नाही. शेवटी टॅब त्यांच्या हातात दिला, तेव्हा वाटलं, आता मला चार शब्द ऐकावे लागणार.

पण त्या हळूच म्हणाल्या, "माझाच हात कुठंतरी चुकीचा लागला असंल, भाऊ. तुम्ही तर सगळं वापरून बघूनच लिहिता. तुमचं काय गेलं नाय ना?"

"नाय भाभी," मी खाली बघत म्हणालो, "माझं कायच गेलं नाय."



ते खरंच होतं. ते ॲप मी माझ्या टॅबवर कधी घेतलंच नव्हतं.